भट्टी, काटा आणि पतसंस्था: हल्ला चालू असतानाच ओळखायचा आणि सावरायचा कसा?

क्युपोला

मंडळी, नमस्कार. हा धागा काढायचं कारण असं की आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छेत आता लहानातल्या लहान फाउंड्रीतही भट्टीचं पॅनेल सिमकार्ड घालून इंटरनेटला जोडलेलं असतं. पॅनेलवाला पुण्याला नाहीतर कोइमतूरला बसून आत शिरतो, सेटिंग बदलतो आणि फोनवर म्हणतो, "बघा आता." सोय मोठी आहे, नाही कोण म्हणतंय? पण त्याच वाटेने दुसरा कुणी आला तर?

मालकांना विचारलं की उत्तर ठरलेलं: पासवर्ड बदललाय, अँटिव्हायरस घातलाय. तेही कराच. पण अँटिव्हायरसकडे मुख्यतः ओळखीच्या चोरांची यादी असते. भट्टी चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे पीएलसीत, तो बसत नाही. आणि खराच पासवर्ड वापरून आत आलेला माणूस कुठल्या यादीत सापडणार?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मारुची भागात २००० साली हेच घडलं. सांडपाण्याची १४२ पंपिंग स्टेशनं रेडिओवरून चालायची. ठेकेदाराकडे पूर्वी कामाला असलेल्या एका माणसाने गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ ठेवून पंपांना खोटे हुकूम सोडले. सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी ओढ्यांत, बागांत, एका बड्या हॉटेलच्या आवारात गेलं. गंमत म्हणजे सुरुवातीला सगळे यंत्रातच बिघाड शोधत होते. हुकूम 'अधिकृत' वाटत होते ना!

म्हणून दुसरी वाट. कोण आला हे विचारण्याऐवजी यंत्रणा आत्ता जे करते आहे ते तिने करायला हवं होतं का, हे विचारायचं. त्यासाठी तिने कसं वागायचं याचं मॉडेल आधी लिहून ठेवायचं आणि ती चालू असताना ते मॉडेल सतत तिच्या शेजारी पळवायचं.

आमच्याच धंद्यातलं उदाहरण देतो. ५०० किलोची इंडक्शन भट्टी (कॉइलमध्ये, म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यात, वीज सोडून आतलं लोखंड वितळवणारी), ३५० किलोवॅट. घातलेल्या विजेचा साधारण पाव भाग लोखंडाला न मिळता कॉइल तापवण्यात जातो आणि ती उष्णता कॉइलमधून फिरणारं पाणी बाहेर काढतं. पाणी मिनिटाला १२० लिटर, म्हणजे सेकंदाला २ लिटर. आत जाताना आणि बाहेर येताना १० अंशांचा फरक. एक लिटर पाणी एक अंश तापवायला ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणून २ गुणिले ४.१८ गुणिले १०, झाले ८४ किलोवॅट. ३५० चा पाव भाग ८७. जमलं.

आता समजा पॅनेल म्हणतंय भट्टी ३५० वर चालू आहे, पाणी १२० लिटर आहे, पण फरक ३ अंशच. म्हणजे पाण्यातून २५ किलोवॅटच बाहेर पडतायत. तिघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. एखादं सेन्सर बिघडलं असेल, कॉइल खरोखर तेवढी तापत नसेल, नाहीतर पडद्यावरचा आकडा कुणीतरी रंगवलाय. तो व्हायरस कुठला, आला कुठून, हे माहीत नसतानाही एवढं कळतं.

तर प्रश्न असा: हे आपल्याकडच्या लहान जागी खरंच जमेल का? आणि कळल्यावर पुढे काय करायचं?

---

निपाणीचा_तंबाखू

व्हय ओ, कळल्यावर काय करणार? ट्रिप मारणार? मग चोराची गरजच काय, तुमचं मॉडेलच रोज भट्टी बंद पाडंल. आमच्याकडं एक सेफ्टी रिले हाय, पावसाळ्यात त्यो विनाकारण पडतो, म्हणून पोरांनी त्याला वायर मारून बायपास केलाय. तुमच्या मॉडेलचं बी तेच होणार, लिहून ठेवा.

---

क्युपोला

@निपाणी, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. ओळखण्यापेक्षा सावरणं अवघड.

'शंका आली की बंद करा' हे पंपाला चालतं, भट्टीला नाही. भट्टीत १४५० अंशांचा लोखंडाचा रस असताना वीज तोडली तर चालेल, पण कॉइलचं पाणी तोडलं तर कॉइल जळते. तिच्यातलं पाणी वितळलेल्या लोखंडापर्यंत पोचलं तर जो स्फोट होतो त्यानंतर बोलायला कुणी उरत नाही. वीज तोडली तरी पाणी पुढे कित्येक तास फिरतं ठेवावंच लागतं, कारण आतलं अस्तर तापलेलंच असतं. म्हणजे एकाच भट्टीत एक वस्तू बंद करणं ही सुरक्षितता आणि दुसरी बंद करणं हा घात. सावरणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तोच हल्लेखोराचा हस्तक ठरेल.

म्हणून मॉडेलमध्ये कोण कोणावर अवलंबून आहे हेही लिहावं लागतं आणि सावरण्याच्या पायऱ्या आधी ठरवून ठेवाव्या लागतात. पॅनेलवर भरवसा उरला नाही तर पहिल्यांदा सिमचा मोडेम तोडायचा. भट्टी चालू राहू दे, बाहेरची वाट बंद. मग पॉवर हाताने खाली, होल्डिंगवर, म्हणजे रस गरम राहील एवढीच. मग तापमान पॅनेलवरून न घेता थर्मोकपलची लान्स (टोकाला तापमापक असलेली दांडी) रसात बुडवून घ्यायचं. आकडा जुळला तर ती हीट, म्हणजे भट्टीतला तेवढा रस, ओतून मोकळे व्हा. आणि तळाला, काहीही झालं तरी ज्याला हात लावायचा नाही अशी एक ओळ: पाण्याचा पंप. तो पीएलसीच्या हुकमावर ठेवूच नका. पंपाचा स्टार्टर आणि डिझेलवरचा राखीव पंप वेगळ्या वायरिंगवर हवा.

आमचा मेल्टर, म्हणजे भट्टी चालवणारा, रसाचा रंग आणि स्लॅगची (वर तरंगणाऱ्या मळीची) साय बघून तापमानाचा अंदाज सांगतो, बहुतेक वेळा बरोबर सांगतो. दुसऱ्या वाटेने आलेली साक्ष म्हणून मी तीही धरतो.

---

सिंटॅक्स_एरर

दादा, धागा मस्त. मी इथेच व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) एका कॉलेजात एमटेक करते, विषय जवळपास हाच. थोडी पार्श्वभूमी टाकते, कंटाळा आला तर पुढे सरका.

ही कल्पना जुनी आहे. १९९६ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठात स्टेफनी फॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी युनिक्सवरचे प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमला ज्या क्रमाने हाका मारतात त्या क्रमाचे छोटे तुकडे साठवले. रोजच्या वागण्यात न दिसणारे तुकडे दिसू लागले की समजायचं, प्रोग्रॅम 'आपला' राहिलेला नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीवरून सुचलेलं होतं ते.

सावरण्याचा भाग नंतर आला. आयबीएमने २००१ मध्ये स्वतःची काळजी स्वतः घेणाऱ्या यंत्रणांचा विषय पुढे आणला, आणि २००३ मध्ये केफार्ट आणि चेस यांनी त्याचं चक्र मांडलं: निरीक्षण, विश्लेषण, आखणी, कृती, आणि या चौघांच्या मध्ये सामायिक ज्ञान. ते ज्ञान म्हणजेच आपलं मॉडेल. कार्नेगी मेलनमध्ये डेव्हिड गार्लन यांच्या गटाने 'रेनबो' नावाची चौकट केली. तिच्यात चालू यंत्रणेच्या रचनेचा आराखडा बाहेर ठेवलेला असतो, आराखड्याचा नियम मोडला की ठरलेल्या डावपेचांतला एक निवडून प्रत्यक्षात उतरवला जातो.

आणि एमआयटीत हॉवर्ड श्रोब यांचं 'ऑड्रॅट'. मला सगळ्यात आवडतं ते हे. त्यात प्रोग्रॅमच्या रचनेचं मॉडेल आणि प्रत्यक्ष वागणं यांतला फरक काढतात, त्यावरून कुठला भाग बाधित असण्याची शक्यता किती याचं निदान करतात, आणि कुठल्या साधनावर किती विश्वास ठेवायचा याचा वेगळा हिशेब ठेवतात. मग तेच काम करायच्या दोन-तीन पद्धती असतील तर कमी संशयित साधनं लागणारी पद्धत निवडायची. क्युपोलादादांनी लान्सने तापमान घ्यायला सांगितलं ते हेच झालं.

माणसाने मॉडेल लिहायलाच हवं असंही नाही. २००९ मध्ये एमआयटीच्याच 'क्लिअरव्ह्यू'ने नीट चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे बघून नियम शिकले: ही किंमत कधी शून्याखाली जात नाही, हा पत्ता कायम या यादीतलाच असतो, असे. हल्ल्यात मोडलेला नियम शोधून तो परत लागू करणारी ठिगळं ते चालत्या प्रोग्रॅमला लावायचं. बाहेरच्या पथकाने फायरफॉक्स या ब्राउझरवर १० हल्ले करून पाहिले. दहाही अडले, आणि ७ मध्ये असं ठिगळ तयार झालं की प्रोग्रॅम बंद न पडता पुढे चालत राहिला.

उरलेल्या ३ मध्येही हल्ला अडला, पण प्रोग्रॅम थांबवूनच. थांबणं हासुद्धा एक निकाल असतो, फक्त भट्टीला तो परवडत नाही.

---

जांबोटी

खूप छान धागा. वाचनखूण साठवली. (रस म्हटल्यावर मी उसाचा समजून आलो होतो.)

---

चिकोडीकर

उसाचा रस आम्ही देतो की. साखर कारखान्यात केमिस्ट आहे, कारखान्याचं नाव विचारू नका.

तुम्ही ज्याला मॉडेल म्हणता ते आम्ही रोज सकाळी कागदावर मांडतो. ऊस अधिक इंबिबिशनचं पाणी (रस नीट निघावा म्हणून गाळताना घालतात ते) बरोबर मिश्र रस अधिक बगॅस (चोथा). १०० टन ऊस, ३५ टन पाणी, रस १०६ टन निघाला की बगॅस २९. बगॅस प्रत्यक्ष तोललं जात नाही, ते याच वजाबाकीतून येतं. इथेच खुबी आहे.

समजा काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये कुणी घुसला आणि १०० टनांच्या जागी ९५ पडू लागले. काट्याची पावती छान, सही-शिक्का छान. पण रस तर १०६ टनच येणार, मग वजाबाकीत बगॅस २४ उरतं. आता प्रयोगशाळा सांगते की उसात फायबर १४ टक्के आणि बगॅसमध्ये ४८ टक्के. ९५ टनांवर फायबर झाला १३.३ टन, म्हणजे बगॅस २७.७ हवं. एक हिशेब २४ सांगतो, दुसरा २७.७. काट्याला कुणी हात लावला हे काट्याकडे न बघता कळतं. शिवाय तेवढीच साखर कमी उसातून निघाल्यासारखी दिसते, म्हणजे उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) फुगतो, आणि एफआरपी (शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान भाव) उताऱ्याशी बांधलेली. ५ टक्के वजन मारलं की ११ चा उतारा ११.६ च्या आसपास जातो. असा उतारा एकाएकी चढला तर आनंद मानायच्या आधी मी काटा तपासायला सांगेन.

आमच्या भागात काटामारीचा विषय निघाला की शेतकऱ्याचं डोकं तापतं, आणि ते रास्तच आहे. मॉडेलला चोर बाहेरचा की घरचा याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणूनच ते सगळ्यांना आवडत नाही, एवढंच बोलतो.

---

शहापूर_पेठ

चिकोडीकर अण्णा, शेवटच्या ओळीला नमस्कार.

मी पतसंस्थेत हिशेब बघतो. आमच्याकडे भट्टी नाही, पण रोजकीर्द आणि तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा गोषवारा) आहे. जमा-नावे जुळलंच पाहिजे हा शेकडो वर्षांचा नियम आहेच की. मग पुण्याच्या कॉसमॉस बँकेत २०१८ मध्ये काय झालं?

जे छापून आलं त्यावरून सांगतो. ११ ऑगस्टला, शनिवारी, एटीएमच्या स्विचशेजारी (एटीएम आणि बँक यांच्यातले निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेशेजारी) चोरांनी आपला बनावट स्विच उभा केला. कार्ड घातलं की खात्यात पैसे आहेत का ही चौकशी कोअर बँकिंगकडे, म्हणजे बँकेच्या खात्यांच्या मुख्य यंत्रणेकडे, जायला हवी. ती गेलीच नाही, मधल्यामध्ये 'मंजूर' उत्तर मिळत गेलं. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेला स्विफ्टमधून (देशोदेशीच्या बँकांच्या निरोपांच्या जाळ्यातून) १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण सुमारे ९४ कोटी.

म्हणजे कोअर बँकिंगची तेरीज जुळतच होती! तिथे नोंदच नव्हती तर बिघडणार काय? नियम एका यंत्रणेच्या पोटात बघून उपयोग नाही, दोन यंत्रणांच्या मध्ये बघायला हवा: बाहेर गेलेल्या प्रत्येक 'मंजूर'मागे आत तेवढ्याच रकमेची नावे नोंद आहे का? आणि हे दिवसअखेरीला नाही, त्या क्षणी. आम्ही ताळमेळ दुसऱ्या दिवशी घालतो. चोर तोवर विमानात.

सावरण्याबद्दल: जुलै २०२४ मध्ये सी-एज या बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला आपल्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं. जवळपास ३०० लहान बँकांचे यूपीआय, एटीएम व्यवहार अडकले, पण आग बाकीच्यांपर्यंत गेली नाही. दुसऱ्या दिवशी जोडणी परत आली. ज्याचा गॅस सिलिंडर त्या दिवशी यूपीआयवाचून परत गेला त्याला हे शहाणपण वाटलं नसणार, मला वाटलं.

---

राकसकोप

सगळं वाचलं. मी थोडा खोडा घालतो.

भट्टी आणि साखर कारखाना ही बंदिस्त कामं. तिथे आत किती आणि बाहेर किती हे मोजता येतं. शहराच्या पाण्याला हे लावून बघा. राकसकोपहून आणि हिडकलहून येणारं पाणी मोजता येईल, पण जुन्या पाइपांतून किती गळतं, किती जोडण्या मीटरशिवाय आहेत? समतोल रोजच बिघडलेला असतो. अशा ठिकाणी मॉडेल एकतर सारखं ओरडेल, नाहीतर तुम्ही मर्यादा इतकी सैल ठेवाल की चोर त्या फटीतून आरामात जाईल.

दुसरं, शिकणाऱ्या मॉडेलबद्दल. शहाणा चोर एका दिवसात काही करत नाही. रोज चिमूटभर सरकवतो आणि मॉडेल त्यालाच 'नेहमीचं' समजायला लागतं.

तिसरं, आकडाच खोटा असेल तर? स्टक्सनेट या व्हायरसने इराणच्या नतांझ अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूजना (युरेनियम वेगळं करणाऱ्या फिरत्या यंत्रांना) १०६४ हर्ट्झवरून १४१० वर नेलं, नंतर २ वर आणलं, आणि पडद्यावर सगळं ठीक. खोटे आकडे खाऊन तुमचं मॉडेलही ठीकच म्हणणार.

---

सिंटॅक्स_एरर

@राकसकोप काका, तिन्ही मुद्दे खरे आहेत, पण तिन्ही सारखे वजनदार नाहीत.

चिमूटभर सरकवण्यावर जुना उपाय आहे. प्रत्येक वेळचा फरक वेगळा न बघता त्यांची बेरीज करत जायची. प्रामाणिक चुका कधी वर, कधी खाली, त्या एकमेकींना खातात. चोर कायम एकाच बाजूला ओढतो, त्यामुळे बेरीज चढत जाते. क्युपोलादादांच्या पाण्यात रोज अर्धा अंश लपवला तरी ती चढणारच. चोराला याहून हळू जावं लागतं, आणि फार हळू गेला तर नुकसानही तेवढंच हळू होतं. पूर्ण बंदोबस्त नाही, पण त्याचा खर्च वाढतो. आणि भौतिकशास्त्राचे नियम शिकू द्यायचेच नाहीत, ते हाताने लिहायचे. ४.१८ ला कुणी फसवू शकत नाही. शिकू द्यायचं ते फक्त सवयीचं: शिफ्ट कधी बदलते, लोड कधी चढतो.

स्टक्सनेटचा मुद्दा मात्र मानते. तिथे आकडे आणि हुकूम एकाच कंट्रोलरमधून जात होते आणि तोच बाधित होता. बाहेरून, त्या कंट्रोलरला न विचारता, कुणी कंपनं किंवा वीज मोजत असतं तर वेगळं चित्र दिसलं असतं.

शहराच्या पाण्याबद्दल, हो, तिथे समतोल बंद होत नाही. पण एका टाकीचा होतो. पंप बंद आहे असं पडदा म्हणतो आणि टाकी भरत चाललीय, हे गळतीने होत नाही.

---

राकसकोप

टाकीचं पटलं. बाकी शंका राखून ठेवतो.

---

क्युपोला

वरच्या चर्चेवरून माझ्यापुरतं जे ठरलं ते लिहितो, कारण परवा एका मालकाला कोटेशन द्यायचंय.

मॉडेल पॅनेलच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं नाही. वेगळी छोटी पेटी, तिला इंटरनेट नाही, पॅनेलकडून तिला फक्त ऐकता येईल, बोलता येणार नाही. पाण्याचा प्रवाह आणि दोन तापमानं तिला स्वतःच्या वायरवरून. वीज तिला सीटी (केबलभोवती बसवायचा करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) लावून स्वतंत्र. म्हणजे पॅनेल खोटं बोललं तरी हिचे डोळे शाबूत.

तिच्या हातात किती द्यायचं? मी मोडेम तोडण्यापुरतंच देणार. ते चुकून तोडलं तर पॅनेलवाला शिव्या देईल, एवढंच. पॉवर खाली आणायचं मेल्टर ठरवेल, पेटी फक्त भोंगा वाजवेल. स्वतःहून भट्टीला हात लावणारी पेटी मला तरी नको. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. तिथे चोर नव्हता, राखणदारच होता.

भोंग्याबरोबरचा संदेश कन्नड आणि मराठीत, मोठ्या अक्षरात. 'फ्लो डेव्हिएशन हाय' असं इंग्रजीत आलं की रात्रपाळीचा माणूस रिसेट दाबून मोकळा होतो. त्याऐवजी: 'पॅनेलवर विश्वास ठेवू नका. लान्सने तापमान घ्या. पाणी बंद करू नका.'

---

निपाणीचा_तंबाखू

हे बरं हाय. पण एक सांगा, भोंगा विनाकारण वाजाय लागला की पोरं त्यालाबी वायर मारतील.

---

क्युपोला

मारतील की. म्हणून सुरुवातीला भोंगा जोडायचाच नाही. काही आठवडे पेटीने गप्प बसून फक्त लिहायचं, 'आत्ता वाजलो असतो.' मग मेल्टरबरोबर बसून एकेक नोंद बघायची. थंड भट्टी चालू करताना, स्क्रॅप टाकताना, ओतताना आकडे हलणारच. त्या वेळांना मॉडेलमध्ये वेगळी अवस्था द्यायची. विनाकारण वाजणं थांबलं की मग वायर जोडायची.

---

शहापूर_पेठ

आणि खरंच हल्ला निघाला तर मालकाला सांगा, सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला) ६ तासांत कळवावं लागतं, एप्रिल २०२२ चा आदेश आहे. लॉग १८० दिवस ठेवायचेत. आमच्या लेखापरीक्षकाने पाठ करून घेतलंय.

---

निपाणीचा_तंबाखू

जुन्या दीड इंची पाइपला पल्सवालं मीटर बसतं का ओ? आमचं पाणी लई क्षाराचं हाय.

---

क्युपोला

बसतं. पण क्षाराच्या पाण्यात पंख्याचं मीटर लवकर अडकतं आणि मग ते चोरापेक्षा जास्त खोटं बोलतं. मॅग्नेटिक घ्या, महाग पडेल. मीटरच्या आधी पाइप थोडा सरळ ठेवा, एल्बोला लागून लावू नका. आणि मुळात कॉइलमध्ये क्षाराचं पाणी फिरवताय कशाला? ते आधी बदला, सॉफ्टनर किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी. हल्ला व्हायच्या आधी कॉइलच जाईल. पॅनेलचं मॉडेल व्यनि करा, बघतो.